पेशीची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पेशीविभाजनावर लिहावे, ही कित्येकांना नसती उठाठेव वाटेल. वाटो. पी. यु. सी.ला गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणारे आणि वाणिज्य घेतले म्हणून जीवशास्त्राला कायमचे मुकलेले, असे दोन तट आपल्याकडे पडले आहेत. आणि पेशीची वाढ समजायला नेमकी दोन्हीकडची विद्या लागते.

शास्त्र शाखेतील मित्रांच्या वह्या मी चाळल्या आहेत. विभाजनाच्या अवस्था, त्यांची लांबलचक नावे, रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या सुबक आकृत्या. विभाजन कसे दिसते ते त्यांत आहे. पण आता विभागायचे की थांबायचे हे पेशी ठरवते कशी, याविषयी फारसे काही नाही.

यातले मुख्य घटक सापडून बराच काळ लोटला. १९७०च्या दशकात पॉल नर्स यांना एडिंबरोत निम्म्या आकारातच विभागणारे यीस्ट सापडले. स्कॉटिश बोलीतल्या ‘चिमुकला’ या अर्थाच्या शब्दावरून त्या जनुकाला ‘वी’ हे नाव पडले. १९८२ साली टिम हंट यांनी समुद्रातील काटेरी अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन हे प्रथिन हेरले. ते साठत जाते आणि दर विभाजनाला एकाएकी नाहीसे होते. या दोघांना व लेलंड हार्टवेल यांना २००१चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दुकानातल्या मालाची यादी म्हणजे ताळेबंद नव्हे.

हिशेब असा आहे. साठलेले सायक्लिन सीडीके नावाच्या विकराला जाऊन मिळते, आणि ते विकर जागे झाले की पेशी विभाजनाला लागते. ‘वी’ त्याला दाबून धरते, दुसरे एक प्रथिन त्याला मोकळे करते. मौज अशी की सीडीके थोडेसे सुटले की तेच ‘वी’ला गप्प करते आणि सोडवणाऱ्याला जोर देते. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे नवे नाही. बँक बुडणार अशी आवई उठली की दहा जण पैसे काढतात, त्यांची रांग पाहून शंभर येतात. रांग लागायला मोठी आवई लागते. चालू राहायला लहानशी पुरते.

१९९३ मध्ये हंगेरीचे बेला नोव्हाक व अमेरिकेचे जॉन टायसन यांनी हीच देवघेव समीकरणांत मांडली. बेडकाच्या अंड्यांतील रसात विभाजनाची क्रिया सुरू व्हायला जेवढे सायक्लिन लागेल, त्याहून कमी ती टिकायला पुरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००३ मध्ये दोन वेगळ्या गटांच्या प्रयोगांत तसेच दिसले. एकेक घटक सुटा करून कितीही न्याहाळला असता तरी हे हाती लागले नसते. परस्परसंबंधांचा असा आकडेमोडीने अभ्यास करणाऱ्या शाखेला सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणतात; आपण प्रणाली-जीवशास्त्र म्हणू. (पेशीला कानडीत जीवकोश म्हणतात. कोश म्हणजे खजिनाही. मग खजिन्याला हिशेबनीस नको?)

हा नुसता बुद्धीचा खेळ नाही. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात बी-राफ जनुकात एक विशिष्ट बिघाड पुष्कळदा आढळतो. त्यावरच्या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आतड्याच्या काही कर्करोगांतही अगदी तोच बिघाड असतो, पण तिथे हे एकटे औषध फारसे चालेना. बिघाड तोच, औषध तेच! २०१२ मध्ये उलगडा झाला: आतड्याच्या पेशीत बी-राफचा मार्ग अडवला की पेशीच्या पृष्ठभागावरचा, एरवी दबलेला दुसरा वाढीचा संदेश जागा होतो. मेलॅनोमाच्या पेशीत तो बहुधा क्षीणच असतो. दोन्ही मार्ग एकदम अडवणाऱ्या औषधांच्या जोडीला २०२० मध्ये तेथे मान्यता मिळाली. एका खात्यात खोडले ते दुसऱ्या खात्यात कुठे चढले, हे पाहायची सवय पहिल्यापासून असती तर?

अवघड समीकरणे आपल्याला लगेच झेपणार नाहीत, हे उघड आहे. पण कोमट साखरपाण्यात पाव फुगवण्याचे यीस्ट टाकून दर तासाला पेशी मोजायला काय हरकत आहे? सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे आहे, चक्रवाढीचे गणित आमच्याकडे. दर दोन तासांना दुप्पट धरली तर वीस तासांत एका पेशीच्या १०२४ व्हायला हव्यात. प्रत्यक्षात आलेख कुठेतरी वाकेल. कुठे वाकतो आणि का, यावर दोन्ही शाखांनी एकाच बाकावर बसून भांडावे. प्राध्यापकांनी शनिवारची एक तासिका दिली तरी पुरे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)