पन्नास रुपयांचा कायदा

पुण्यात हडपसरमधील एका फ्लॅटमध्ये फेब्रुवारी 2025मध्ये सुमारे 300 मांजरी आढळल्या. शेजाऱ्यांच्या तक्रारींनंतर त्या 48 तासांत हलवण्याची नोटीस निघाली. ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या दाटीवाटीच्या इमारतींनी यातून धडा घ्यावा. प्राण्यांना पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्यांदा दंड मात्र जास्तीत जास्त 50 रुपये! पाळीव प्राण्यांची संख्या ठरवून दिली तरी प्रश्न सुटणार नाही. भूतदयेतून सुरू झालेले हे जमवणे अनेकदा मनोविकारापर्यंत पोहोचते आणि उपचार न झाल्यास रिकामे घर पुन्हा भरते. म्हणून पालिकेने पशुवैद्यकासोबत मानसोपचारतज्ज्ञही पाठवावा, निर्बीजीकरण करावे आणि नंतरही त्या घरावर लक्ष ठेवावे. शेजाऱ्यांनी दुर्गंधी सुटेपर्यंत थांबू नये.