जगाचा नकाशा कोणाच्या हातात?

भूगोल म्हटला की आपल्यापैकी बहुतेकींना पाठांतर आठवतं. राजधान्या, नद्या, आणि परीक्षेतला तो कोरा नकाशा. आता कॉम्प्युटर आणि मोबाइलवरचे खेळ हाच भूगोल हसतखेळत शिकवतात. चांगलंच आहे. पण हे खेळ खेळायला मिळतात कोणाला?

१९८५ साली अमेरिकेत ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज कार्मेन सँडिएगो?’ हा खेळ निघाला. चोरांच्या टोळीचा देशोदेशी माग काढायचा, त्यासाठी चलन, झेंडे, शहरं ओळखायची. टोळीची म्होरकी एक बाई. हुशार, एकटी जगभर हिंडणारी, आणि म्हणूनच की काय, चोर! १९९७ साली स्वीडनच्या मारियान वार्टोफ्ट यांनी ‘सेटेरा’ तयार केला. त्यात नकाशावर देश, राजधान्या नेमक्या दाखवायच्या. २०१३ साली आलेल्या ‘जिओगेसर’मध्ये तर तुम्हाला जगातल्या कुठल्याही रस्त्यावर सोडून देतात. पाट्यांची लिपी, झाडं, माती, गाड्या कोणत्या बाजूने धावतात, हे पाहून देश ओळखायचा. पाठांतराऐवजी निरीक्षण आणि तर्क. मुलींना नेमकं हेच हवं.

वस्त्यांमध्ये काम करताना मात्र दिसतं ते असं. घरात फोन एकच, तो वडिलांचा किंवा भावाचा. भाऊ खेळत बसला तर ‘शिकतोय’, बहिणीने हातात घेतला तर ‘कोणाशी बोलतेस?’ तिच्या वाट्याला फोन येतो तो भांडी, पाणी, धाकट्यांची आंघोळ उरकल्यावर, तोही चार्जिंग संपत आल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. खेळ फुकट असला तरी तो खेळायला लागणारा वेळ आणि विश्वास मुलीला फुकट मिळत नाही.

‘भूगोल न खेळल्याने काय अडतं?’ असं कोणी विचारेल. अडतं. लग्न करून मुलीला परराज्यात पाठवतात, तेव्हा ते गाव कुठे, परतीची गाडी कुठून, हे तिला माहीत नसतं. घरकामासाठी आखातात नेतो म्हणणाऱ्या एजंटाने ‘दुबई’ सांगून भलत्याच देशाचं नाव कागदावर घातलं, तर ते ओळखायला नकाशाची ओळखच लागते. आपण कुठे आहोत हे ठाऊक असणं ही बाईच्या सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

अर्थात, खेळात दिसतं ते सगळं खरं मानू नये. अनेक ऑनलाइन नकाशे आजही १५६९ सालच्या मर्केटरच्या पद्धतीवर बेतलेले आहेत. समुद्रप्रवासासाठी ती सोयीची होती, पण तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. कॅमेऱ्याची गाडीही मोठ्या रस्त्याने जाते, वस्तीच्या बोळात शिरत नाही. नकाशा काढणाऱ्याची नजर नकाशात उतरते, हे मुलींना या खेळांतूनच छान समजावता येईल.

म्हणून आपल्या गटांना एवढंच सुचवावंसं वाटतं. केंद्रावर कॉम्प्युटर किंवा फोन असेल तर आठवड्यातला एक तास फक्त मुलींचा ठेवा. सुरुवात आपल्या तालुक्याच्या नकाशापासून करा: शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, एसटी स्टँड. मग जगाकडे वळा. रस्ता ओळखून झाला की थांबून विचारा, या चित्रात बायका किती दिसतात? काय करताना दिसतात? आणि आयांनाही शेजारी बसवा. मुलगी फोनवर काय करते हे आईने एकदा डोळ्यांनी पाहिलं, की घरात तिची बाजू घेणारं कोणीतरी तयार होतं.