इंद्रायणीचं पाणी माशाच्या अंड्यासाठीही तपासा

मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



पावसाळ्यातल्या रविवारनंतर सोमवारी सकाळी लोणावळ्याच्या भुशी धरणाखाली उतरलं, की ओढ्यातल्या दगडांना पातळ रेनकोट गुंडाळलेले दिसतात. निळे, गुलाबी, एकदाच अंगावर चढलेले. शेजारी चिक्कीची वेष्टनं, गाळात रुतलेल्या बाटल्या. हा कचरा उचला, असं अनेकांनी सांगून झालं. माझं मागणं वेगळं आहे. त्यातून पाण्यात काय उतरतं, ते मोजा.

भुशीचं पाणी इंद्रायणीचं. लोणावळ्यात गर्दी उसळते त्याच महिन्यांत आमच्या नद्यांतला महाशीर अंडी घालतो. पुराच्या पाण्यात वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी सोडतो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतून या माशाची शास्त्रीय नोंद केली. ‘टोर खुद्री’ हे त्याचं आजचं नाव. वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली जातात. अंडं बाजरीच्या दाण्याहून थोडं मोठं, सोनेरी. फुटेपर्यंतचे तीन-चार दिवस ते जागचं हलू शकत नाही. भोवतीचं पाणी जसं असेल तसं सोसतं.

काही प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. ते प्लास्टिकशी घट्ट बांधलेलं नसतं, हळूहळू पाण्यात झिरपतं. काही कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला बोटभर मासा. त्याचं अंडं पारदर्शक असतं, दिवसभरात आतलं हृदय धडधडताना दिसतं. ही रसायनं मिसळलेल्या पाण्यात त्याच्या भ्रूणांचा कणा वाकलेला, हृदयाभोवती पाणी साठलेलं, ठोके मंदावलेले शास्त्रज्ञांनी पाहिले आहेत. प्रयोगातली मात्रा अनेकदा नदीत सापडते त्याहून जास्त असते, हे खरं. पण इंद्रायणीत ती किती आहे हे मोजल्याशिवाय या गोष्टीचा दिलासा आम्ही कसा मानावा?

मंडळाच्या नेहमीच्या तपासणीत सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, कोलिफॉर्म असतात. थॅलेट आणि बिस्फेनॉलचा रकाना नसतो. मोठे मासे मरून वर आले की बातमी होते, पाण्याचे नमुने घेतले जातात. न फुटलेलं अंडं मात्र तळाशीच कुजतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

जून ते सप्टेंबर भुशीखाली, कामशेतला आणि देहूला या रसायनांसाठी नमुने घ्या आणि आकडे जाहीर करा. त्याच पाण्यात झेब्राफिशची अंडी ९६ तास ठेवून पाहण्याची चाचणी २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेची आहे. पुण्यात आयसर आणि आघारकर संस्थेत या माशावर काम चालतं. त्यांची मदत मागा.

पहिला नमुना पावसाळी रविवारनंतरच्या सोमवारी, पालिकेची झाडलोट सुरू होण्याआधी घ्या. कुठल्या दगडापाशी उतरायचं, ते दाखवायला मी येईन.

आपला,
मावळातील एक रहिवासी