चुकायला जागा हवी




संगीत परीक्षांचे सत्र जवळ आले की घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला घरीदारी एकच सल्ला मिळतो : अजून रियाज कर. हा सल्ला अपुरा आहे आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत अपायकारकही, असे माझे मत आहे. मंचावरची भीती म्हणजे कच्ची तयारी, असे त्यात गृहीत धरलेले असते. तसे असते तर मुरलेले कलावंत निर्धास्त असायला हवे होते. अमेरिकेतल्या सिंफनी आणि ऑपेरा वाद्यवृंदांतील दोन हजारांहून अधिक व्यावसायिक वादकांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २४ टक्के वादकांनी मंचभीती ही आपली अडचण असल्याचे सांगितले, तर २७ टक्क्यांनी हृदयाची धडधड आवरणारी बीटा ब्लॉकर औषधे वापरल्याचे. व्लादिमिर होरोवित्झसारखा पियानोवादक १९५३ पासून बारा वर्षे जाहीर मैफलींपासून दूर राहिला. यांचा रियाज कमी पडला असे कोण म्हणेल?

बंद खोलीत शंभर वेळा घोटलेली तान गळ्यावर चढते, पण चारचौघांच्या नजरेसमोर गाण्याची सवय त्याने होत नाही. ती नजर आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला वर्षातून दोन-तीनदाच येते, आणि तीही बहुधा गुण देणारी : परीक्षक, स्पर्धेचे पंच, फार तर गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, जिथे पहिल्या रांगेत पालकांचे मोबाइल रोखलेले असतात. अशा वेळी घशाला कोरड पडते, श्वास आखूड होतो आणि लावलेला षड्ज डळमळतो. त्यावर मूल स्वतःच एक उपाय शोधते. सगळे पाठ करायचे, आलाप पाठ, ताना पाठ, तिहाईसुद्धा पाठ. मग एक मात्रा हुकली की पुढचे सगळेच कोसळते, कारण सावरायचे कसे हे कधी शिकलेलेच नसते. ख्यालगायनात तर हे फारच दुर्दैवी आहे. तिथे उपज हाच प्राण. सम हुकली तर पुढच्या आवर्तनात मुखडा नीट पकडता येतो, आणि जाणता श्रोता त्या सावरण्यालाही दाद देतो. निर्दोषपणाचा हट्ट नेमकी हीच मोकळीक हिरावून घेतो.

जुने गुरू आजच्यापेक्षा कठोर होते आणि त्यांच्याच हाताखाली मोठे गायक घडले, असे यावर म्हटले जाईल. कठोर होते, हे खरे. पण ती कठोरता तालमीतली होती. मैफलीत शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसे, गुरूने खूण केली की एखादी आलापी घेई आणि पुन्हा मागे सरे. चूक झालीच तर गुरू पुढची जागा घेऊन ती झाकून टाके. श्रोत्यांची सवय अशी वर्षानुवर्षे, थोडीथोडी होत असे. आपण धाक तेवढा उचलला, ही सावली मात्र मागेच राहिली. शिवाय धाकाने घडले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. त्याच धाकाने ज्यांनी गाणे सोडले, त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मग परीक्षाच नकोत का? तसे मी मुळीच म्हणत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, आणि त्यामुळेच सामान्य घरांतल्या मुलामुलींना शिस्तीने गाणे शिकता आले. हे ऋण मोठे आहे. परीक्षा राहतील, भीतीही राहील; पण तिच्यावर औषधाचा मार्ग कुणी परस्पर धरू नये. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी धोक्याची ठरू शकते. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक क्लासने महिन्यातून एकदा दहा-पंधरा श्रोत्यांची बैठक भरवावी. तिथे गुण नसावेत, चित्रीकरण नसावे, अडल्यास थांबून पुन्हा सुरुवात करण्याची मुभा असावी, आणि निदान पाच मिनिटे तरी पाठ न केलेले गायचे असावे. वेळ नाही, अभ्यासक्रम संपत नाही, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणूनच पुढाकार परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी घ्यावा : वर्षभरात विद्यार्थी अशा किती बैठकांत गायला, एवढी एक नोंद त्यांनी परीक्षेच्या अर्जात मागितली, तरी क्लास त्या भरवू लागतील.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे