दिल्लीहून परतलेल्या मृणालताई

आमदाराला लोकसभेचं तिकीट मिळालं की मतदारसंघात फटाके वाजतात. तोच माणूस पुढे विधानसभेला उभा राहिला की कार्यकर्त्यांचे चेहरे पडतात. दिल्ली म्हणजे वर, मुंबई म्हणजे खाली, हा हिशेब राजकीय बातम्यांत अजूनही जसाच्या तसा दिसतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. अशा वेळी मुंबईच्या नेत्या मृणाल गोरे यांच्याकडेच वळावं लागतं.

त्यांची वाटचाल अशी: १९६१ मध्ये मुंबई महापालिका, १९७२ मध्ये विधानसभा, १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा. २०१२ च्या जुलैत निधन.

या टप्प्यांमागे गोरेगावचा नळ होता. वस्तीला पाणी मिळावं म्हणून हंडे घेतलेल्या बायकांना त्यांनी महापालिकेच्या दारात नेलं आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव कायमचं चिकटलं. महागाईविरुद्ध कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांसोबत काढलेल्या लाटणे मोर्चांत घरात बसणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या. आणीबाणीत भूमिगत राहून काम, मग अटक, तुरुंग. १९७७ ला मृणालताई जिंकल्या, पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्या, आणि मुंबईनं घोषणा दिली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

नवे पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्य खातं देऊ केलं. त्यांनी नकार दिला.

ती लोकसभा १९७९ मध्ये मुदतीआधीच विसर्जित झाली. पुढे मृणालताई विधानसभेत परतल्या, तिथे विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलं. ज्यांना ही उतरण वाटते, त्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भपात करण्याचा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालत होता, त्याच्या जाहिराती लागत होत्या. स्त्री संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते त्याविरुद्ध लढत होते. मृणालताईंनी हा प्रश्न सभागृहात नेला, अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं, विधेयक मांडलं. अखेर सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. संसदेनं १९९४ मध्ये कायदा केला आणि तो १९९६ च्या जानेवारीपासून लागू झाला. म्हणजे मुंबईच्या सभागृहात जे झालं, ते करायला दिल्लीला आणखी सहा वर्षं लागली.

अशासकीय विधेयक हे सदस्याच्या हातातलं फार मोलाचं हत्यार आहे आणि ते गंजत ठेवलं गेलंय, याचा राग यायलाच हवा. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारचे अडीच तास राखलेले असतात. बाके रिकामी असतात, कारण बरेच सदस्य तोवर मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात. विधेयक मंजूर झालं नाही तरी चर्चा नोंदली जाते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, प्रश्न सरकारच्या दारात येऊन बसतो. मृणालताईंनी नेमकं हेच साधलं.

निवडणुकीत वर्तमानपत्रं उमेदवारांची ओळख देताना मालमत्ता छापतात, गुन्हे छापतात, पक्षांतरंही मोजतात. किती विधेयकं मांडली आणि कशावर, हा रकाना त्यात घालायला काय हरकत आहे? हे हत्यार किती गंजलंय ते यावरून कळतं: संसदेत आजवर अवघी चौदा अशासकीय विधेयकं कायदा झाली. त्यातलं शेवटचं १९७० मधलं आहे.