अक्षर ठरवायचे कोणी?

एक्सएमएल या संगणकीय पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावतात. त्या नावात कोणते अक्षर चालेल, हे तपासणारी तयार आज्ञावली असते. १९९८ साली हा नियम झाला तेव्हा युनिकोडच्या त्या वेळच्या तक्त्यावरून अक्षरांची यादी कायम करण्यात आली. पुढे २००३ मध्ये कन्नडचा नुक्ता व २००८ मध्ये मराठीचा 'ॲ' तक्त्यात आला. यादीत मात्र त्यांना जागा नव्हती! 'प्रवेश' ही खूण चाले, 'ॲडमिशन' अवैध ठरे. नोव्हेंबर २००८ च्या पाचव्या आवृत्तीने मोजकी यादी काढून विस्तृत पट्टे खुले केले. परंतु जुन्या यादीवर बेतलेली आज्ञावली वापरल्यास आजही नकारच मिळेल.

याचा दोष यंत्राला का द्यावा? तपासणाऱ्याने केवळ इंग्रजी शब्द घालून पाहिले, तर उणीव दिसणार कशी? ठाणाकुशनूरसारख्या गावात मराठी व कन्नड दोन्ही कानांवर पडतात. येथील संगणकाच्या विद्यार्थ्याने अशी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी दोन्ही भाषांतील शब्द तिच्यापुढे ठेवावेत, आणि नाकारलेले अक्षर कर्त्याला अवश्य कळवावे. हे काम परका कोणी आपल्यासाठी करणार नाही.