मान आणि मानगूट

माझ्या मुलीनं सोलमधल्या एका विद्यापीठात हिंदी शिकवायला सुरुवात केली, त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक घोटाळा झाला. मुलांची नावं आपल्याला पाठ व्हावीत म्हणून तिनं ती फळ्यावर ओळीनं लिहून काढली. हातात लाल पेन होतं, तेच वापरलं. वर्ग एकदम गप्प झाला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी जवळ आली आणि खाली बघत हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं लिहीत नाहीत." हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. आमच्याकडेही खातं बंद झालं की लेजरच्या पानावर लाल रेघ ओढत असत. कल्पना काही फार परकी नव्हती.

पुढे 2023 च्या ऑगस्टअखेरीस मी तिच्याकडे गेलो आणि व्हिसा संपेपर्यंत, म्हणजे तीन महिने राहिलो. परत आल्यापासून जो भेटतो तो मला तिथल्या मालिकांबद्दल विचारतो. मी मालिका पाहिल्या नाहीत. मी मुलीचा वर्ग पाहिला, तिचे सहकारी पाहिले आणि सबवेतली माणसं पाहिली. शिक्षकाला मान कसा द्यावा हे कोरियाकडून शिका, असं म्हणणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराला गेलात तर हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही ते बोललेलो आहे. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी भाषेचं सांगतो, कारण त्या वर्गात बसण्यासारखी मौज नाही. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, त्यामुळे हिंदी वाक्याची मांडणी त्या मुलांना चटकन जमते. 'तू', 'तुम' आणि 'आप' यांतला फरक इंग्रजांना समजावता समजावता नाकी नऊ येतात. इथं तो सांगावाच लागत नाही. मोठ्याशी बोलताना त्यांचं क्रियापदच बदलतं. जेवण, झोप आणि मरण यांनाही वडीलधाऱ्यांसाठी वेगळे शब्द आहेत. अडतं ते लिंगावर, कारण त्यांच्या व्याकरणात लिंगच नाही. पुस्तक स्त्रीलिंगी का आणि अखबार पुल्लिंगी का, याला माझ्या मुलीजवळही उत्तर नसतं. ती घरी पुस्तकाला नपुंसकलिंगी मानून वाढलेली! दुसरी अडचण 'ने'ची. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. 'इथं ने लागेल का?' असं विचारलं की सारा वर्ग एका सुरात 'ने' म्हणतो, आणि ते उत्तर आहे की नुसता होकार, हे कळायला मार्ग नसतो.

कारण होकार सगळ्यालाच. समजलं का? ने. अवघड आहे का? ने. शंका कोणी विचारत नाही. शंका विचारणं म्हणजे शिकवणं नीट झालं नाही असं सुचवणं, आणि तसं सुचवायचं कसं? दुकानात, जिन्यात जो भेटेल तो 'जेवलात का?' म्हणतो, शब्दशः 'भात खाल्ला का?'. भाताला तिथं 'बाप' म्हणतात, त्यामुळे मुलीनं पहिल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं, "बाबा, इथं बाप खातात, घाबरू नका." आमच्या इमारतीच्या रखवालदारानं मला दुसऱ्याच दिवशी वय विचारलं. त्यात आगाऊपणा नाही. वय कळल्याशिवाय कुठलं क्रियापद वापरायचं हे त्याला ठरवता येत नाही. एकसष्ट म्हटल्यावर तो कमरेत वाकला. साठ वर्षांचं चक्र पूर्ण झालं की त्यांच्याकडेही सोहळा करतात. आपली साठीशांत आठवली.

हे सगळं गोड आहे. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण मी उतरलो तो आठवडाच असा होता की या गोडव्याची दुसरी बाजू पाहावी लागली. जुलैमध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेनं शाळेतच आयुष्य संपवलं होतं. नोकरीची तिची सुरुवातीचीच वर्षं. पालकांच्या तक्रारींनी ती बेजार झाली होती, असं तिचे सहकारी सांगत होते. तिच्या मृत्यूनं देशभरच्या शिक्षकांच्या मनात साठलेलं बाहेर पडलं आणि दर शनिवारी ते रस्त्यावर येऊ लागले. 2 सप्टेंबरला योईदो बेटावर, संसदेजवळ, आयोजकांच्या हिशेबानं दोन लाखांवर शिक्षक जमले. परदेशी माणसानं तिथल्या राजकारणात भाग घ्यायचा नाही असा कायदा आहे, म्हणून आम्ही बापलेक लांब कडेला उभे होतो. सगळ्यांचे कपडे काळे. रस्त्यावर ओळीत बसलेले, जणू शाळेची प्रार्थना चालली आहे. इतका शिस्तबद्ध आक्रोश मी पाहिलेला नाही. शिक्षकाच्या सावलीवरही पाय देऊ नये अशी म्हण असलेल्या देशातली ही माणसं. 4 सप्टेंबरला हजारो शिक्षकांनी रजा टाकली. 21 तारखेला संसदेनं त्यांच्या संरक्षणासाठी कायद्यात दुरुस्त्या केल्या.

या प्रकरणात सगळा दोष पालकांवर टाकून मोकळं होण्याची घाई मी करणार नाही. तिथल्या पालकांच्या पिढीनं शाळेत छडी खाल्लेली आहे, आणि जबर खाल्लेली आहे. सोलच्या शाळांत ती बंद झाली 2010 साली. ज्या मानापुढे तोंड उघडता येत नव्हतं त्याचं उट्टं पुढच्या पिढीच्या शिक्षकावर निघालं असेल, तर त्यात नवल नाही. 2014 च्या बालछळविरोधी कायद्याचा आधार घेऊन पालक शिक्षकावर तक्रार करू लागले. मुलाला वर्गात रागावलं, हेही कारण पुरू लागलं. वरून क्रियापदं मात्र आदरार्थीच.

माझ्या मुलीला यातलं काही सोसावं लागलं नाही. तिला ग्योसुनिम म्हणतात, वाकून नमस्कार करतात. एकदा एका मुलानं टेबलावर कॉफीचा डबा ठेवला, तर तिनं तो भर वर्गात परत केला. 2016 पासून लागू झालेल्या कायद्यानं, ज्याला गुण द्यायचे त्याच्याकडून कॉफीसुद्धा घ्यायची सोय नाही. (आमच्या शाखेत दिवाळीला येणारे सुक्या मेव्याचे डबे मला आठवले. आम्ही ते परत केले नव्हते.) मी तिला म्हटलं, "तुला बरा मान आहे की इथं." ती म्हणाली, "बाबा, मी दोन वर्षांनी जाणार आहे हे त्यांना माहीत आहे. पाहुणीला मान द्यायला काही पडत नाही. माझ्या खोलीशेजारी बसणाऱ्या बाईंना विचारा." त्या बाई कोरियन, दर सत्राला कंत्राटाची वाट पाहणाऱ्या. त्यांना विचारायचं धैर्य मला झालं नाही.

असंच म्हाताऱ्यांचं. सबवेच्या डब्यात टोकाच्या जागा वृद्धांसाठी राखलेल्या असतात आणि उभं राहावं लागलं तरी तरुण मुलं तिथं बसत नाहीत. पण त्याच स्टेशनबाहेर सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं हातगाडीवर पुठ्ठे गोळा करताना दिसतात. तिथली राष्ट्रीय पेन्शन सुरू झाली 1988 साली. ज्यांनी देश उभारला त्यांच्यातल्या अनेकांची खाती भरायला वेळच उरला नव्हता. म्हातारपणीचं दारिद्र्य श्रीमंत देशांत सर्वांत जास्त तिथं आहे. पेन्शनीत असलेल्या माझ्यासारख्याला ती राखीव जागा नंतर नंतर टोचू लागली.

मी निघण्याच्या थोडे दिवस आधी, 16 नोव्हेंबरला, त्यांची सुनुंग परीक्षा होती. आपली बारावी आणि सगळ्या प्रवेशपरीक्षा एका दिवसात कोंबल्या तर जे होईल ते. पाच लाखांच्या आसपास मुलं बसतात. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअर बाजार तासभर उशिरा सुरू होतो आणि उशीर झालेल्या मुलाला पोलीस मोटरसायकलवरून पोचवतात. सकाळी मी जवळच्या शाळेच्या फाटकाशी गेलो. आपल्याकडे हातावर दही-साखर घालतात, तिथं चिकट गोळी देतात, म्हणजे मूल पास होऊन 'चिकटेल'. समुद्री शेवाळाचं सार त्या दिवशी वर्ज्य, कारण ते निसरडं. मुलं आत गेली, फाटक बंद झालं, तरी आया जाईनात. ऑक्टोबरात सोलच्या जोग्येसा देवळात अशाच आया पाहिल्या होत्या. परीक्षेआधी शंभर दिवस प्रार्थना करणाऱ्या. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं.

मुलीचं घर गिम्पो विमानतळाच्या वाटेवर. दर चार-पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणं थांबवावं लागायचं. दुपारी 1 वाजून 5 मिनिटांनी ते आवाज बंद झाले. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालते ती पस्तीस मिनिटं देशभर एकही विमान उतरत नाही की उडत नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो. इतकी शांतता त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकली.

मुलगी म्हणाली, "तुम्हीसुद्धा एकदा विमानं थांबवली होती."

मला लगेच कळलं. तिच्या बारावीच्या वर्षी मी केबल तोडून टाकली होती. भाषा घ्यायच्या म्हणत होती, तिला विज्ञानाला घातलं होतं. ते ती हसून सांगत असे. हे दुसरं होतं. मार्च 2006. भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी माझी आई मिरजेला गेली. आजीनंच या पोरीला वाढवलं होतं. मी एकटा जाऊन दहन करून आलो, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत नऊ दिवस घरात कोणालाही बोलू दिलं नाही. 'आजी बरी आहे' असं मीच तिला रोज सांगत होतो. मोठ्यांच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हे आमच्याही घरी होतंच. ती 'हो' म्हणायची.

"त्या नऊ दिवसांत मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचं डोकं तासलेलं होतं बाबा. उन्हाळा म्हणून केस काढले म्हणालात, मी हो म्हटलं."

मी घड्याळाकडे बघत राहिलो. 1 वाजून 40 मिनिटं झाली, दोन मिनिटं वर गेली, आणि मग लांबून पहिल्या विमानाचा आवाज येऊ लागला. तिनं उठून भात लावला.